शून्याचा नाद

माझी पहिली टाकी मेली तेव्हा टेस्ट किटच्या हिशेबाने तिच्यात सगळं उत्तम चाललं होतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. वहीच्या त्या पानावर चार शून्यं एकाखाली एक लिहिलीयत आणि शेजारी मीच हिरव्या पेनने बरोबरची खूण केलीय. त्याच दिवशी सकाळी शेवटची गोगलगाय काढून टाकली होती. सकाळी गोगलगाय टाकली, संध्याकाळी खूण केली, आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही!

टाकी खाऱ्या पाण्याची, म्हणजे रीफ टँक. थोडे दगड, थोडी वाळू, त्यावर प्रवाळ, गोगलगायी आणि एखाददुसरा मासा. ६० लिटरची. लहान टाकी म्हणजे सोपी टाकी असं मी धरून चालले होते, आणि तिथेच पहिली फसगत. एवढ्या टाकीतून रोज साधारण लिटरभर पाणी उडतं, आणि उडतं ते नुसतं पाणी, मीठ सगळं आतच राहतं. दोन दिवस वरून गोडं पाणी घालायचं विसरलात तर खारटपणा (हजार भाग पाण्यात किती भाग मीठ) ३५ चा ३६ च्या वर जातो. मोठ्या टाकीला असली चूक समजत पण नाही. लहानीला लगेच समजते, आणि ती बोलून दाखवत नाही.

मी सगळं नवंकोरं आणलं होतं. पांढरेशुभ्र वाळके दगड, कोरडी वाळू, बाटलीतले बॅक्टेरिया. बाटलीवर लिहिलेलं खरं मानून बाराव्या दिवशी क्लाउनफिश सोडला. त्याचं नाव बाब्या. मग पाच गोगलगायी, मग झोअँथिडचा, म्हणजे प्रवाळाच्या एका भाऊबंदाचा, एक तुकडा, आणि मग मोह आवरेना म्हणून हॅमर कोरल, ज्याची टोकं खरंच छोट्या हातोड्यांसारखी असतात आणि पाण्याबरोबर सगळी एकदम एका बाजूला झुकतात.

महिनाभरात वाळूवर तपकिरी धूळ बसली. ते डायटम, एकपेशी सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत ते येतातच, त्यांना वाढायला लागणारा सिलिका संपला की बरेचदा आपले आपण जातात, हे वाचलेलंही होतं. पण वाचणं वेगळं आणि पाहुण्यांसमोर घाण टाकी असणं वेगळं. मी दात घासायचा ब्रश घेऊन बसले. दगड घासले, वाळू उपसली, दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदललं, शिवाय फॉस्फेट शोषून घेणारी ती लोखंडाची तपकिरी रेती फिल्टरमध्ये भरली, बाब्याचं खाणं निम्म्यावर आणलं. आकडे उतरायला लागले. नायट्रेट ५, मग २, मग शून्य. फॉस्फेटच्या टेस्टचा निळा रंग येईचना. मला परीक्षेत पैकीच्या पैकी पडल्याचा आनंद.

आणि मग ती दुसरी घाण आली.

ही धूळ नव्हती, शेंबूड होता, दुसरा शब्द नाही. तपकिरी, तारा सुटलेला, प्रत्येक तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला. दुपारपर्यंत दगड झाकून जायचे आणि रात्री लाइट बंद केला की सकाळी निम्मं गायब. मला वाटायचं, कमी होतंय! दुपारी परत. गोगलगायी काचेवरून खाली पडायच्या आणि पाठीवर पडून राहायच्या. माझ्याकडे अ‍ॅस्ट्रिया जातीच्या होत्या, त्यांना उलटं पडलं की स्वतःहून सरळ होता येत नाही हे माहीत होतं, त्यामुळे मी रोज सकाळी चहाच्या आधी बाही वर करून पाचही जणींना सरळ करून ठेवायची. आठवडाभर हा नेम. त्या मरायला टेकल्यात हे कळलंच नाही, मला वाटलं धांदरट आहेत.

शेवटी मुलीचा शाळेतला मायक्रोस्कोप मागितला. ड्रॉपरने थोडा शेंबूड उचलून काचेवर ठेवला, वर दुसरी काच, आणि डोळा लावला. डायटम असते तर जागच्या जागी पडून राहिले असते, फार तर सावकाश सरकले असते. इथे टपोऱ्या थेंबांसारखे जीव होते, एका बाजूला निमुळते, आणि प्रत्येक जण आपल्या टोकाला अदृश्य दोरीने बांधल्यासारखा एकाच जागी गोल गोल झुलत होता. शेकड्यांनी. खुंटीला बांधलेल्या गुरासारखे. मुलीला दाखवलं तर ती म्हणाली, "किती गोड!" मी नंतर चित्रं ताडून बघितली, ऑस्ट्रिऑप्सिस. डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, नावाच्या एकपेशी जीवांमधली एक जात, यांच्यातले काही विष तयार करतात आणि ते खाल्लेल्या गोगलगायी मरतात.

यातली खोच अशी की यांना मीच जेवायला बोलावलं होतं. म्हणजे खरं तर इतर सगळ्यांना उपाशी ठेवून हाकलून दिलं होतं. एरवी दगडावर जागेसाठी मारामारी असते, बॅक्टेरिया, हिरवं शेवाळ, डायटम, सगळे एकमेकांना रेटत असतात. त्यांना नायट्रेट आणि फॉस्फेट लागतं. ते शून्यावर नेलं की ही साधी जनता आटते, आणि अशा दुष्काळात तग धरणारे डायनो रिकाम्या जागेत पसरतात. त्यावर मी आणखी पाणी बदललं. त्यावर ते आणखी पसरले. मग तीन दिवस टाकीवर काळं कापड टाकून अंधार केला, आतला शेंबूड मेला आणि सडला, पाण्यातला ऑक्सिजन उतरला असणार, कारण कापड काढलं तेव्हा हॅमरच्या सांगाड्यावर पांढरट चिंध्या लोंबत होत्या आणि बाब्या पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडं टाकून होता.

बाब्याला एका काकांकडे पोचवलं. आमची ओळख या छंदातूनच झालेली, त्यांची टाकी माझ्या टाकीच्या दसपट आणि बारा वर्षांची. त्यांनी काही विचारलं नाही. "राहू दे की इथे, एक धाकटा आहेच, जोडी होईल," एवढंच म्हणाले. मी घरी येऊन टाकी उपसली, दगड बादलीत भरून ठेवले, आणि रिकाम्या टाकीत वर्षभर घरातल्या छत्र्या, बॅडमिंटनची रॅकेट आणि न लागणाऱ्या वायरी राहत होत्या. नवरा अधूनमधून विचारायचा, विकायची का? मी म्हणायचे, बघू.

परत सुरू करायचं असं काही ठरवलं नव्हतं. काकांकडे बाब्याला बघायला म्हणून गेले होते. टाकीसमोर बसले आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की काकांची टाकी घाण आहे. म्हणजे समोरची काच लख्ख, पण मागची काच हिरवी, बाजूची जांभळी, दगडांच्या कपारीत स्पंज, वाळूत कसले कसले किडे, एका कोपऱ्यात बोटभर लांब शेवाळाचा झुपका आणि त्यात बारीक कोळंबीसारखं काहीतरी टणाटण उड्या मारतंय. मधे प्रवाळ असा फुललेला की नजर ठरत नाही. नायट्रेट किती म्हणून विचारलं. "वीसेक असेल, गेल्या महिन्यात बघितलं होतं," काका म्हणाले. गेल्या महिन्यात! मी दिवसाआड बघायची.

"अगं, समोरची काच आपली," ते म्हणाले. "बाकीच्या तीन त्यांच्या."

आणि बाब्या. क्लाउनफिश सगळे जन्माला नर म्हणून येतात, आणि जोडीत जो मोठा आणि वरचढ असेल त्याची मादी होते. काकांकडचा धाकटा लहान, त्यामुळे आमचा बाब्या वर्षभरात बाई झाला होता, चांगला टपोरा, आणि दगडाच्या पायथ्याशी केशरी अंडी घालून बसला होता. बसली होती. धाकटा बिचारा पंखांनी अंड्यांना वारा घालत होता आणि बाब्या त्याच्यावर देखरेख करत होती. मी काचेजवळ बोट नेलं तर अंगावर धावून आली. ओळख वगैरे काही नाही, हे बरंच झालं म्हणा.

निघताना काकांनी एक मुठीएवढा दगड ओल्या कागदात गुंडाळून हातात दिला. लाइव्ह रॉक. दगड काही जिवंत नसतो, त्यात राहणारे असतात. १९६१ साली जकार्तामधल्या ली चिन इंग यांनी आपल्या टाक्यांबद्दल लिहिलं होतं, त्यात फिल्टरच्या जागी समुद्रातले असे वस्ती असलेले दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर काम चालायचं. मी पहिल्या वेळी नवेकोरे पांढरे दगड आणले होते ते स्वच्छ म्हणून. स्वच्छ म्हणजे ओसाड, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

जुने दगड मात्र मी ब्लीचमध्ये बुडवले, कारण डायनोंना परत घरात घ्यायचं नव्हतं. मग भरपूर पाण्यात खळबळून, क्लोरीन मारणाऱ्या औषधात भिजवून, दोन आठवडे उन्हात. वाळू फेकली आणि नवी आणली. पाणी आरओ-डीआय फिल्टरचं, टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) शून्य दाखवेपर्यंत गाळलेलं. इथे शून्यच हवं, या शून्याशी माझं भांडण नाही.

भांडण दुसऱ्या शून्याशी झालं. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर असतो, छोट्या दुर्बिणीसारखा. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण मिटायचं, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं, वर निळं खाली पांढरं दिसतं आणि दोन्ही जिथे भेटतात तो आकडा. तो जुळवायला मी नेहमी शुद्ध पाणी वापरायची, शुद्ध पाणी म्हणजे शून्य, रेष शून्यावर आणायची, झालं. या वेळी काकांनी बजावलं म्हणून ३५ चं तयार द्रावण आणलं, समुद्राच्या खारटपणाचं, तपासायला. दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरलं.

३१.

पुसलं, परत टाकलं. ३१. खिडकीशी गेले, बल्बखाली आले, नवऱ्याला बघायला लावलं. "एकतीस," तो म्हणाला, "का, काय झालं?" झालं असं की ते यंत्र शून्याला बरोबर होतं आणि ३५ ला चार पायऱ्या खाली. म्हणजे मी वहीत ३५ लिहून खूण करायची तेव्हा टाकीत ३९-४० असायचं. सात महिने. मी त्या जीवांना सात महिने लोणच्यासारखं मुरवलं होतं आणि बाब्या तेवढा चिवट म्हणून टिकला. डायनोंनी मारलं की मिठाने मारलं, का दोघांनी मिळून, आता कोण सांगणार? मी खुर्चीवर बसून राहिले. त्या पाच गोगलगायी डोळ्यांसमोरून जाईनात. यंत्राच्या डोक्यावर एक बारकासा स्क्रू असतो, तो फिरवून रेष ३५ वर आणली. अर्ध्या मिनिटाचं काम.

त्या काळात वाचताना अ‍ॅना थिन नावाच्या बाईंची गोष्ट हाती लागली आणि नंतर डोक्यातून गेली नाही. १८४६ साली या बाईंनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरून, टॉर्कीहून, जिवंत प्रवाळ लंडनला आणला आणि घरात वाढवला, जवळजवळ तीन वर्षं. पंप नाही, लाइट नाही, टेस्ट किट नाही. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून उघड्या खिडकीसमोर पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात असं ओतत राहायचं, अर्धा-पाऊण तास. हे काम घरातली मोलकरीण करायची. त्या मुलीचं नाव मला कुठे मिळालं नाही. जगातला पहिला वेव्हमेकर, म्हणजे टाकीत पाणी हलतं ठेवणारा पंप, आहे ती माझ्या मते, आणि एक साधी पाटी तरी तिच्या नावाची असायला हवी होती. पुढच्या वर्षी बाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती घातल्या. म्हणजे टाकीत शेवाळ मुद्दाम आणून लावलं. मी टूथब्रशने घासून काढलं.

दुसऱ्यांदा टाकी भरली तेव्हा आत पाणी, दगड आणि काकांच्या दगडाचा एक काळपट गोळा, बस. बाटलीत अमोनियम क्लोराइडचं द्रावण, ते मोजून अमोनिया २ पीपीएमवर, म्हणजे दहा लाखांत दोन भागांवर, नेला. कुणाचाही जीव टांगणीला न लावता बॅक्टेरियांना खायला घालायचं, अशी ही रीत. एक जमात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिली जमात आठवड्याभरात कामाला लागली, दुसरीने अंत पाहिला. घरात सगळे येऊन रिकाम्या टाकीत डोकावून जायचे. "यात आहे काय?" आहे ना, बॅक्टेरिया आहेत. "बरं." २ पीपीएम अमोनिया टाकला की २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, हे जमायला सदतीस दिवस लागले. इथलंही शून्य मंजूर.

मग लाइट लावला आणि ठरल्यासारखे डायटम आले. वाळू तपकिरी. मी टूथब्रश बाथरूमच्या वरच्या फळीवर ठेवून दिला होता, तरी दोनदा तिथपर्यंत जाऊन आले. खरं सांगते, हात न लावणं हे घासण्यापेक्षा जास्त दमवणारं काम आहे. तीन आठवड्यांनी तपकिरी रंग विरला, दगडांवर हिरवी साय धरली, मग एके ठिकाणी केसांसारखं शेवाळ. ते मी चिमटीने थोडं उपटायची, रविवारी, पाणी बदलताना, दहा टक्केच. समोरची काच आपली.

यातली सगळ्यात गंमतशीर गोष्ट फॉस्फेटची. एवढं करूनही एक दिवस फॉस्फेट शून्य आला, कारण ते दगड कॅल्शियमचे, ब्लीच करून वाळवलेले, पाण्यातलं फॉस्फेट स्पंजासारखं ओढून घेतात. पहिल्या वेळी मी फॉस्फेट काढायची रेती विकत आणली होती. या वेळी फॉस्फेट घालायची बाटली आणली. थेंब थेंब टाकत होते आणि स्वतःशीच हसत होते. आकडा ०.०५ च्या आसपास आणून धरला, नायट्रेट ८ ते १० मध्ये राहतं, त्या टेस्टचा गुलाबी रंग आला की मला आता खरंच बरं वाटतं. टेस्ट आठवड्यातून एकदा, त्याहून जास्त नाही, किटचा डबा मुद्दाम अडचणीच्या कपाटात ठेवलाय.

काकांच्या दगडातून लोक बाहेर पडले ते रात्री. लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन बसायचं, लाल उजेडात ते फारसे बुजत नाहीत. आधी काचेवर पांढरे ठिपके झटके देत सरकताना दिसले, कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतले जीव, मिठाच्या कणाएवढे. मग एका भोकातून दोन दोऱ्यासारखे धागे बाहेर आले, अन्नाचा कण शोधत वाळूवर फिरले, एका कणाला चिकटले आणि तसेच आत ओढले गेले. आणि सदुसष्टाव्या दिवशी पंपाच्या काळ्या प्लास्टिकवर एक गुलाबी-जांभळा ठिपका. कोरलाइन, दगडासारखं कडक होणारं शेवाळ. टाचणीच्या डोक्याएवढा, नखाने खरवडून बघितला तर निघत नाही. मी घरच्यांना बोलावून दाखवला. नवऱ्याने चष्मा लावून बघितला, "छान आहे," म्हणाला, आणि आवाजात इतकी काळजी होती, टाकीची नाही, माझी.

झोअँथिड आले ते काकांकडूनच, सहा तोंडांचा तुकडा. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळायचे हे, त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं आणि ते गंमत करण्यातलं विष नाही. आज तोंडं अकरा आहेत. हॅमर अजून आणलेला नाही. मासाही नाही. काका दोनदा म्हणाले, बाब्याची पिल्लं जगवून बघतोय, एखादं देतो. पिल्लं रात्री अंधार पडल्यावर अंड्यातून निघतात आणि त्यांना जगवणं हा आणखी वेगळाच धंदा आहे, त्यामुळे बघू.

गोगलगायी मात्र आणल्यात, दोन, ट्रोकस जातीच्या. परवा रात्री अकराला लाइट मावळताना सहज बघितलं तर त्यातली एक दगडावरून घरंगळली आणि वाळूवर उलटी पडली. पाय आत ओढलेला, दार बंद. माझ्या पोटात धस्स झालं, आणि मी काही विचार न करता बाही कोपरापर्यंत वर केली, झाकण सरकवलं, हात पाण्यावर. तेवढ्यात दार किलकिलं झालं. पिवळसर पाय बाहेर आला, हवेत चाचपावं तसा पाण्यात इकडेतिकडे फिरला, लांब झाला, आणखी लांब, वाळूला टेकला, तिथे धरायला काही मिळालं नाही म्हणून वळून काचेला लागला. समोरच्या. चिकटला. मग सगळं शंख-बिऱ्हाड एका हिसक्यात सरळ झालं आणि ती काचेवरून वर चढायला लागली, मागे हिरव्या सायीत बोटभर रुंद स्वच्छ पट्टा सोडत.

मी हात तसाच धरून उभी होते. ती माझ्या बोटांच्या खालून निघून गेली.